गर्गल सापडला! पर्ल अजून अर्धाच

मंडळी, सापडला एकदाचा! पाण्याच्या वाहण्याला इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांची यादी करून प्रत्येकाचा खरा आवाज मी रेकॉर्ड करतेय, आणि तीन महिने ज्याच्या मागे होते तो गर्गल शनिवारी संध्याकाळी यॉर्कशरमधल्या जॅनेट्स फॉस धबधब्याच्या खालच्या डोहात रेकॉर्ड झाला. हेडफोनमध्ये ऐकला आणि मी तिथेच दगडावर बसून एकटीच हसत राहिले, इतका गोल, भरलेला आवाज.

मागच्या अपडेटमधलं रडगाणं आठवत असेलच. ट्रिकल, टिंकल, बॅबल, बर्बल, गर्गल, सगळे एकसारखे येत होते. म्हणजे बेकच्या (इकडे ओढ्याला बेक म्हणतात) काठावर उभं राहिलं की कानाला फरक सरळ कळतो, पण हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, पाण्यात सोडला की सगळ्यांचं एकच, स्टीलच्या ताटात साखर सांडल्यासारखं. नवऱ्याचं म्हणणं की हे शब्द कवींनी यमकापुरते केले असणार, पाण्यात एवढा फरक नसतोच. मला ते काही केल्या पटत नव्हतं, लोक उगाच पाच-पाच शब्द शेकडो वर्षं सांभाळत नाहीत, आपल्याकडे झुळझुळ म्हणणारा माणूस चुकून खळखळ म्हणतो का?

मग मी जागा बदलत बसले. गॉर्डेल बेक झाला, मॅलम कोव्हच्या पायथ्याशी जिथे बेक कातळाखालून बाहेर येतो तिथे झालं, गावाच्या खालचे एअर हेडचे झरे झाले. हायड्रोफोन खोल सोडला, उथळ सोडला, दगडाला बांधला, काठीला बांधला. मध्येच एक तयार हायड्रोफोन ऑनलाइन मागवला, विक्रेत्याने वॉटरप्रूफ लिहिलं होतं आणि दुसऱ्या बुडीतच आत पाणी. पैसे परत मिळाले पण दोन वीकेंड गेले त्याचं काय. माझं स्पष्ट मत, 27 मिमीची पीझो चकती (थरथर झाली की वीज देणारी) घ्या, स्वतः सोल्डर करा, लिक्विड रबरचे तीन हात द्या, प्रत्येक हात रात्रभर वाळू द्या. माझी पहिली चकती अजून ठणठणीत आहे.

आणि दोष चकतीचा नव्हताच! पीझो म्हणजे शेवटी एक कपॅसिटर, माझी मीटरवर साधारण 20 नॅनोफॅरड भरली. ती मी थेट रेकॉर्डरच्या माइक इनपुटला लावत होते, तो जेमतेम 2 किलोओहमचा. गणित करून बघा, कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचे सूर पुढे जात नाहीत ती मर्यादा, जवळपास 4 किलोहर्ट्झवर येतो, त्याच्या खालचं सगळं उतरत उतरत गायब. आता त्याला बुडबुड्यांचं गणित जोडा. वाहत्या पाण्याचा आवाज बराचसा पाण्यात अडकलेल्या हवेचा असतो, बुडबुडा सुटताना थरथरतो तो त्याचा सूर. मिनार्ट नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने 1933 मध्ये हे सूत्र मांडलं, 3.26 ला त्रिज्येच्या मिलिमीटरने भागा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. 1 मिमी त्रिज्येचा बुडबुडा 3.3 किलोहर्ट्झ, 5 मिमीचा साधारण 650 हर्ट्झ. म्हणजे माझ्या केबलमधून फक्त मिलिमीटरपेक्षा बारीक बुडबुडे धड पोचत होते, गर्गलचे मोठे बुडबुडे वाटेतच गळत होते. तीन महिने मी प्रत्येक ओढ्याचा टिंकल करत होते!

चकती आणि रेकॉर्डरच्या मधे एक छोटा जेएफईटी बफर (एका ट्रान्झिस्टरचं सर्किट) टाकला, इनपुट 1 मेगाओहम, कटऑफ थेट 8 हर्ट्झवर. नऊ व्होल्टची बॅटरी, चार पार्ट, सोल्डरिंगला एक संध्याकाळ. बस्स.

रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर सहा क्लिप ऐकवल्या, नावं न सांगता. टिंकलला ती लगेच म्हणाली झुळझुळ. बॅबलला खळखळ, आणि वर म्हणाली की हा आपल्या पाटाचा आवाज, फळी काढल्यावरचा. गर्गलला एक सेकंद थांबून म्हणाली, अगं ही तर घागर बुडतेय विहिरीत. लॅटिनमध्ये गर्गलचं मूळ घशाशी आहे आणि आईला घागरीचा गळा आठवला, मला किती आनंद झाला सांगू शकत नाही.

पर्लला मात्र ती काहीच बोलली नाही, पुन्हा लाव म्हणाली, मग पुन्हा. बरोबरच आहे, मला पण तो नीट मिळालेला नाही. डिक्शनरीत पर्ल म्हणजे गिरक्या घेत वाहणं आणि तो आवाज, दोन्ही एकत्र. नॉर्वेजियनमध्ये जवळचा शब्द आहे, तिथे अर्थ उसळून वर येणं. बेक आणि फॉस हे शब्द नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, लोकांबरोबर इकडे आले, हाही त्यांच्यातलाच असावा असं मला वाटतं. स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या सुरांचं चित्र) बघताना दिसलं की दगडाच्या मागे भोवरा हवा ओढतो, सोडतो, परत ओढतो, त्यामुळे बुडबुडे घोळक्याने येतात, मधे शांत. एका जागी खिळलेल्या हायड्रोफोनला हे अर्धंच कळणार. हे लिहिता लिहिताच सुचतंय, दोन चकत्या लावायच्या, एक दगडाला लागून आणि एक हातभर खाली, स्टिरिओत. म्हणजे घोळका एका कानातून दुसऱ्या कानात जाताना ऐकू येईल!

मग यादी पण एबीसीडीने नको. बुडबुड्याच्या आकाराने लावते, टिंकलपासून गर्गलपर्यंत, आणि ग्लाइड (संथ सरकणं), एडी (भोवरा) असे मुके शब्द वेगळे काढते, त्यांना माइक नाही, कॅमेरा आणि वाळकं पान लागेल. उद्या दुसरा बफर सोल्डर करायला घेते. गुरुवार-शुक्रवार पाऊस सांगितलाय, बेक चढला तर आधी स्पेट, म्हणजे ओढ्याचा अचानक आलेला पूर, पर्ल पाणी उतरल्यावर.