गाण्यातली नाव

फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या चळतीच्या चळती लागत असत, त्या दिवसांत मी तिथून घासाघीस करून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतले होते. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतल्या १९६८, १९७१ आणि १९७२ साली आलेल्या तीन कादंबऱ्या त्यात एकत्र बांधलेल्या होत्या. मी तेव्हा महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो आणि परीक्षा तोंडावर आली होती. त्या परीक्षेचे काय झाले हे इथे सांगण्यात अर्थ नाही.

अर्थसी म्हणजे शेकडो बेटांचा समुद्री मुलूख. तिथे प्रत्येक वस्तूला, प्राण्याला आणि माणसाला एक खरे नाव असते; ते ज्याला ठाऊक, त्याची सत्ता त्या वस्तूवर चालते. म्हणून माणसे आपले खरे नाव जिवापाड जपतात आणि फार विश्वासातल्या एखाद्यालाच ते सांगतात. माझ्या आजीने आयुष्यभर आजोबांचे नाव घेतले नाही, घेतलेच तर उखाण्यात गुंफून घेतले. त्यामुळे नावात काहीतरी जपून हाताळण्यासारखे असते, हे मला कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज पडली नाही. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा गेड नावाचा पोर रोक बेटावरच्या विद्यालयात मंत्रविद्या शिकतो, आपल्याच गर्वातून एक काळी छाया जगात सोडून बसतो आणि पुढे महामांत्रिक होतो. तिसऱ्या कादंबरीच्या अखेरीस जिवंतांचे जग आणि मृतांचे जग यांच्यामध्ये पडलेले भगदाड बुजवताना तो आपली सगळी शक्ती खर्चून टाकतो, आणि ती पुन्हा येणार नसते.

त्या कादंबरीच्या शेवटच्या पानाने मला वेड लावले. तिथे म्हटले आहे की गेडवर रचलेल्या गाण्यात त्याची अखेर अशी सांगतात: नव्या राजाच्या राज्याभिषेकानंतर तो बंदरावर आला, त्याने आपल्या जुन्या नावेला, लूकफारला, नावाने हाक मारली आणि शीड नाही, वल्हे नाही, अशी ती नाव त्याला घेऊन पश्चिमेकडे निघून गेली. गाँटचे लोक मात्र काही निराळेच सांगतात. त्यांच्या मते राजा त्याला शोधत गाँटला आला होता, परंतु तो डोंगरातल्या रानात एकटाच निघून गेला होता. लेखिकेने दोन्ही शेवट शेजारी शेजारी ठेवले होते. मी त्यातली नाव उचलली आणि रान तिथेच सोडून दिले.

चौथी कादंबरी ‘तेहानू’ १९९० मध्ये आली, म्हणजे तिसरीनंतर तब्बल अठरा वर्षांनी, आणि माझ्या हाती पडायला आणखी दोन-तीन वर्षे गेली. ती उघडली तेव्हा मी समुद्राच्या तयारीत होतो. उघडल्यावर दिसले ते एका शेतकऱ्याच्या विधवेचे घर. ही विधवा म्हणजे दुसऱ्या कादंबरीतली टेनार, एकेकाळी अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण असलेली मुलगी, आता पन्नाशीकडे झुकलेली, मुले मोठी होऊन पांगलेली. माणसांनीच अत्याचार करून आगीत लोटलेली, अर्धा चेहरा आणि एक हात जळालेली एक मुलगी तिने सांभाळायला घेतली आहे. अशा बाईकडे केलेसिन नावाचा ड्रॅगन गेडला आणून सोडतो, तो अर्धमेला, शक्तिहीन आणि शरमेने कोमेजलेला. राजाचे दूत त्याला न्यायला येतात तेव्हा हा महापुरुष लपून बसतो आणि मग डोंगरावर जाऊन पुन्हा शेळ्या राखू लागतो.

मला त्याचा रागच आला. शेळ्या, बकेट, चूल, शेजारणींच्या गप्पा, लेकाने जेवून उठताना ताट तसेच ठेवले म्हणून आईला वाटलेली खंत. हे सगळे वाचायचे तर मला समुद्र ओलांडून जायची काय गरज होती? हे आमच्या घरी होतच होते, आणि ताट तसेच ठेवणारा तो मुलगा मीच होतो, एवढे मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. मी पानामागून पान उलटत राहिलो ते एकाच आशेवर की गेडची शक्ती आता परत येईल, पुढच्या प्रकरणात तरी येईल. रात्री घरात घुसू पाहणाऱ्या गुंडांशी तो भिडतो तेव्हाही त्याच्या हातात काठी किंवा मंत्र नसतो, गवत उचलायची दाताळी असते. मी त्या पानावर पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही.

पुस्तकाला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा त्या वर्षीचा नेब्युला पुरस्कार मिळालेला होता, पण पुरस्काराने रुसलेल्या वाचकाची समजूत कुठे निघते? लेखिकेने गोष्ट सोडून स्त्रीवाद सांगायला घेतला, ही तक्रार माझी एकट्याची नव्हती. ले ग्विन यांनी १९९२ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात या वळणाची कारणे मोकळेपणाने मांडली आहेत. वीरकथा पुरुषांच्या नजरेतून लिहिण्याची परंपरा आपणही विचार न करता पत्करली होती, असा त्यांचा एकूण सूर आहे. ते वाचून मी पहिली कादंबरी पुन्हा काढली, काहीशी त्यांना खोटे पाडण्याच्या हेतूने. तर पहिल्याच प्रकरणात, गाँटच्या लोकांच्या तोंडी, बायकांची विद्या दुबळी आणि बायकांची विद्या दुष्ट अशा अर्थाची म्हण छापलेली. रोकच्या विद्यालयात एकही मुलगी नाही, हेही तिथेच होते. मी ते सगळे वाटेतल्या मैलाच्या दगडांसारखे न वाचता ओलांडले होते. इतकेच काय, तिसऱ्या कादंबरीत ड्रॅगन गेडला घेऊन उडतो तेव्हा रोकचा द्वारपाल स्पष्ट सांगतो की हा आता घरी चालला आहे. घरी! त्यापुढच्या गाण्यातली नाव मला इतकी आवडली की घर मी ऐकलेच नाही.

आता ‘तेहानू’बद्दल माझी तक्रार नाही. किंबहुना मालिकेतल्या सहा पुस्तकांत मी सर्वांत जास्त वेळा तेच वाचले आहे. तरीही निराश होणाऱ्या वाचकाला अडाणी ठरवण्याची जी टूम आहे, ती मला मान्य नाही, कारण २००१ मध्ये आलेल्या ‘द अदर विंड’वर माझा राग आजही थोडा शिल्लक आहे. तिसऱ्या कादंबरीत मृतांचा एक कोरडा देश होता: दगडांची बुटकी भिंत, पलीकडे न हलणारे तारे, आणि एकमेकांवर प्रेम केलेली माणसे रस्त्यात समोरून जाताना ओळखही न दाखवणारी. मरण म्हणजे हे, असे मला विसाव्या वर्षी सांगितले गेले आणि मी ते मुकाट्याने स्वीकारले. ‘द अदर विंड’ या सहाव्या पुस्तकात कळते की तो देश ही पूर्वीच्या मांत्रिकांनी अमरत्वाच्या लोभाने केलेली चूक होती. भिंत पाडली जाते आणि मृत मोकळे होतात. प्रसंग सुंदर लिहिला आहे, यात शंका नाही. मात्र गोष्टीने पुढे कुठेही वळावे, त्याला वाचकाची ना नसावी. मागे सांगितलेले मरणच फिरवले की मी ज्या भीतीसह वीस वर्षे राहिलो तिचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. याच पुस्तकाच्या सुरुवातीला म्हातारा गेड शिडीवर चढून झाडावरची प्लम तोडताना भेटतो, आणि त्या एका चित्रासाठी मी बरेचसे माफ करतो.

ले ग्विन जानेवारी २०१८ मध्ये गेल्या. त्यानंतर त्याच वर्षी ‘फायरलाइट’ नावाची त्यांची काही पानांची कथा प्रसिद्ध झाली. गाँटवरच्या घरात गेड अंथरुणाला खिळला आहे, टेनार जवळपास वावरते आहे, चुलीत विस्तव आहे. कथेच्या आरंभी तो लूकफारचा विचार करत असतो, जी फार पूर्वी सेलिडॉरच्या, अगदी पश्चिमेकडच्या त्या बेटाच्या, वाळूत सोडून द्यावी लागली होती. म्हणजे नाव बंदरात कधी आलीच नव्हती; गाणे रचणाऱ्यांनी ती आणली होती. इतकी वर्षे ती तिथे एकटी पडून राहिली, आणि तिची आठवण गेडलाही होती.