हरिपूरची पेवं आणि कंपनीतला इंटरव्ह्यू

सॉफ्टवेअर कंपनीच्या इंटरव्ह्यूत काय विचारतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला गेलो की एखादे काका गाठतातच. "पोरगं इंजिनिअर झालंय, पण सॉफ्टवेअर कंपनीच्या इंटरव्ह्यूत अडकतंय. तिथं विचारतात तरी काय? इंग्रजी आडवं येतं का?"

इंग्रजी कामापुरतं लागतं. पण मी अडकलो तो इंग्रजीमुळं नाही.

पहिल्या इंटरव्ह्यूला रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेलो होतो. प्रश्न होता, एखाद्या ओळीतले कंस नीट जुळतात का ते तपासायचं. आधी गोल कंस उघडला आणि त्याच्या आत चौकोनी, तर बंद होताना चौकोनी आधी. मी मान खाली घालून वीस मिनिटं खरडत बसलो, तोंडातून एक शब्द नाही. उत्तर जवळपास बरोबर होतं, पण मी विचार कसा करतोय ते समोरच्यांना कळलंच नाही. "कळवतो" म्हणाले. अजून कळवताहेत.

माझं आजोळ सांगलीजवळच्या हरिपूरचं. तिथं हळद पेवात साठवायची पद्धत होती. जमिनीत खोल खड्डा, वर अरुंद तोंड. (२००५च्या महापुरात बरीच पेवं गेली.) शेवटी टाकलेली हळद आधी निघणार, तळाची हवी तर वरची सगळी उपसा. आमच्या धंद्यात याला स्टॅक म्हणतात. कंसाचं कोडंही पेवाचंच. उघडणारा कंस आत टाकायचा, बंद करणारा आला की सगळ्यात वरचा काढून जोडी बघायची. प्रत्येक वेळी जोडी जमली आणि शेवटी पेव रिकामं झालं, की ओळ बरोबर. कॉलेजात पुश-पॉप (म्हणजे स्टॅकमध्ये टाकणं-काढणं) पाठ केलं होतं, पण आजोळचं पेव त्या दिवशी आठवलं नाही ते नाहीच.

आता मीच इंटरव्ह्यू घेतो. प्रश्न मुद्दाम अर्धवट देतो. दहा लाख नावांची यादी आहे, त्यात एक नाव शोधा. बहुतेक जण लगेच कोड लिहायला घेतात. एखादीच विचारते, "सर, यादी अक्षरांच्या क्रमानं लावलीय का?" लावलेली असेल तर यादीच्या मधोमधचं नाव बघायचं, नको ती अर्धी यादी सोडून द्यायची. असं वीसेक वेळा केलं की काम झालं. नसेल तर नशीब खराब असताना दहा लाख नावं तपासा. पेव उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. आत प्राणवायू नसतो, आधी हवा खेळू देतो. हा प्रश्न विचारणारी मुलगी तशीच जाणती.

नोकरी लागल्यावर कंस जुळवायची वेळ सहसा येत नाही. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचण्यातच दिवस जातो, ती गंमत वेगळी.

काकांना म्हटलं, पोराला रोज एक गणित तुमच्यासमोर मोठ्यानं बोलत सोडवू द्या, मराठीत.

"मला त्यातलं काय कळणार?"

"म्हणूनच तुमच्यासमोर."

परवा भेटले. म्हणाले, "बोलतंय खरं. पण मला निम्म्यातच झोप लागते."