फ्रीज गेला नव्हता, ज्योत टिकत नव्हती

आमच्या कॅम्पर व्हॅनमधला फ्रीज गॅसवर चालेना म्हणून ती गॅरेजमध्ये दिली, तर गॅरेजवाल्यांनी ती तीन आठवडे ठेवून घेतली आणि शेवटी कागदावर एक ओळ लिहून दिली: कूलिंग युनिट निकामी, नवीन कंप्रेसरचा फ्रीज बसवा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा उन्हाळा तो केवढासा, त्यातले तीन आठवडे! दर सोमवारी मी फोन करायचे आणि दर सोमवारी गॅसचं काम करणारा माणूस रजेवर असायचा. तपासणीचे पैसे मात्र पूर्ण घेतले. अजून आठवलं की डोकं तापतं, कारण फ्रीज धडधाकट होता.

व्हॅन १९८५ची आहे. फ्रीज तीन प्रकारे चालतो: १२ व्होल्टवर, १२० व्होल्टच्या घरगुती विजेवर आणि प्रोपेनवर. कोल्हापूरहून बाबा आले होते. त्यांना इथलं क्रेटर लेक हे सरोवर दाखवून पुढे खाली कॅलिफोर्नियापर्यंत जायचं होतं. त्यांच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या पेना २ ते ८ अंशांत राहायला हव्यात. बर्फाच्या पेटीच्या भरवशावर त्यांना नेण्याचा मला धीर होईना.

या फ्रीजमध्ये कंप्रेसर नसतोच. खाली बोटाच्या पेराएवढी ज्योत जळते. तिच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया सुटून वर जातो, तिथे निवून त्याचा द्रव होतो आणि मग हायड्रोजन भरलेल्या नळीत पुन्हा वाफ होताना तो फ्रीजमधली उष्णता ओढून घेतो. १९२२ साली स्टॉकहोममध्ये फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती शोधली. हलणारा एकही भाग नाही, मग बिघडलं काय, असं मी गॅरेजमध्ये विचारलं. उत्तर आलं, ‘जुना झालाय.’

व्हॅन घरी आणली त्याच संध्याकाळी ती सपाट जागी लावली, घरातून वायर ओढली आणि फ्रीज विजेवर चालू केला. आत पाण्याचं भांडं आणि त्यात थर्मामीटर. हा फ्रीज सावकाश निवतो, त्याला अख्खी रात्र द्यावी लागते. सकाळी पाणी ४ अंशांवर होतं. म्हणजे युनिट जिवंत, दोष फक्त गॅसच्या बाजूला. युनिट फुटलं असतं तर अमोनियाचा झणझणीत वास आला असता, नाहीतर मागे पिवळी पूड सांडलेली दिसली असती. एक प्लग आणि एक रात्र, एवढीच ही परीक्षा. तीन आठवड्यांत ती कुणी केली नाही!

गॅसवर लावलं की इवल्याशा काचेतून निळी ज्योत दिसायची आणि नॉब सोडला की विझायची. मी थर्मोकपल बदललं, म्हणजे ज्योतीच्या उष्णतेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा भाग. तरी तेच. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून बर्नर खोलला. धुराड्यातून गंजाच्या खपल्या पडून बर्नरवर साचल्या होत्या, जेटचं भोक काजळीने अर्धं बुजलं होतं आणि बाहेरून हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं.

‘पिन आहे का गं? स्टोव्हला मारायचो तशी मारतो,’ बाबा म्हणाले.

‘नको बाबा, भोक मोठं होईल.’

गॅस किती जायचा ते या भोकावर ठरतं, पिनेने ते वाढलं की ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. जेट रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवला आणि हवेने फुंकून घेतला. धुराडं ब्रशने झाडलं. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला नाही. नॉब दाबून धरला, ज्योत पेटल्यावर तीस आकडे मोजले, सोडला. राहिली! मी आणि बाबा तिथेच फरशीवर बसून पाच मिनिटं ती निळी ज्योत बघत होतो.

हो, पेटवण्याआधी फ्रीजचा हवेचा हातपंप भरपूर मारा, आधीचा साचलेला गॅस बाहेर जाऊ द्या. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ज्योत बंद करायची. इंजिन बंद असताना १२ व्होल्टवर ठेवू नका, काही तासांत बॅटरी उतरते. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गाडी कलती उभी केली तर द्रव नळ्यांत अडतो आणि गारवा येत नाही, म्हणून मी डॅशबोर्डवर छोटी लेव्हल (पाणसळ) चिकटवली आहे. आणि औषध मागच्या धातूच्या पात्यांना टेकवू नका, तिथे गोठतं. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

क्रेटर लेकजवळचं कॅम्पग्राउंड सुमारे ६००० फुटांवर आहे. तिथे विरळ हवेत ज्योत पेटायला चार-पाच खेपा लागल्या, पण एकदा पेटल्यावर रात्रभर टिकली. सकाळी फ्रीजमध्ये ५ अंश. तपासणीचे पैसे परत मागणारं पत्र मी गॅरेजला पाठवलं आहे, सोबत त्या थर्मामीटरचा फोटो जोडून.