एका रात्रीसाठी एवढं विणकाम?

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला, जेमतेम एका संध्याकाळचं. माझी क्रोशाची सुई मात्र त्यासाठी ऑगस्टपासूनच चालू होते. त्यामुळे दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच: एका रात्रीसाठी एवढा खटाटोप कशाला? भोपळे, वटवाघळं, कोळी सगळं तयार मिळतं की. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

आधी त्या ‘तयार’बद्दल. स्वेटर विणणारी यंत्रं आहेत, पण दुकानांना क्रोशाचा माल पुरवणारं यंत्र नाही. आधीच्या टाक्यात हव्या त्या जागी सुई घालायची, दोरा ओढून घ्यायचा, तो टाका तिथल्या तिथे पुरा करायचा आणि मगच पुढे जायचं, हे काम अजून हातांकडेच आहे. म्हणजे दुकानात टांगलेलं वटवाघूळ खरोखर क्रोशाचं असेल, तर ते कुणीतरी टाके मोजत विणलेलं असतं. मला एका वटवाघळाला अख्खी संध्याकाळ लागते. तेच कवडीमोलाने विकायला ठेवलेलं दिसलं की ते विणणारीच्या पदरात काय पडलं असेल, हा विचार येतो आणि माझ्याच्याने ते घेववत नाही.

दुसरं कारण म्हणजे हे काम मला मनापासून आवडतं. भोपळ्याचंच बघा. तो मी गोल विणत नाही, सरळ आयताकृती पट्टी करते. प्रत्येक ओळीत मुके खांब, म्हणजे क्रोशाचा साधा आखूड टाका, पण आधीच्या टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून. त्याने पट्टीवर आपोआप सऱ्या पडतात. त्या उभ्या राहतील अशा बेताने दोन कडा जोडल्या की नळी होते. खालचं तोंड दोऱ्याने आवळायचं, कापूस भरायचा, वरचं तोंड आवळायचं. इथपर्यंत तो नुसता गोळा असतो. मग लांब सुईने दोरा मधून वर काढून बाहेरून खाली आणायचा आणि ताणायचा. अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की फाका उठतात, गोळ्याचा भोपळा होतो. इतकी वर्षं झाली, तरी या ताणाशी मी थांबून दोन मिनिटं बघत बसते.

भूत त्याहून सोपं. सरकत्या फासात ६ मुके खांब, पुढे दर फेरीला ६ वाढवत १२, १८, २४. वाढवणं थांबवलं की कडा खाली वळतात आणि डोकं तयार होतं.

काळ्या लोकरीचं काम मात्र दिवसाउजेडीच करावं. काळ्यात टाका दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो. मांडीवर पांढरं कापड अंथरलं तर टाक्यांमधल्या फटी दिसतात. शिवाय आतला पांढरा कापूस बाहेर डोकावतो, म्हणून सुई नेहमीपेक्षा एक नंबर बारीक घ्यायची. कोळ्याचं जाळं सुती दोऱ्याचं करावं, खळ लावून टाचण्यांनी ताणून वाळवावं. लोकरीचं जाळं लोंबतं.

अंगावर घालायच्या वस्तूंत मला मांजराच्या कानांचा हेअरबँड सगळ्यात आवडतो. मुखवट्याने लहान मुलांना धड दिसत नाही आणि अंधारात ती अडखळतात. कानांनी तेवढीच मजा येते आणि चेहरा मोकळा राहतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूला प्लास्टिकचे डोळे मी लावत नाही, दोऱ्याने भरते. आणि विणलेल्या कंदिलात मेणबत्ती कधीच नाही, बॅटरीचाच दिवा. ॲक्रिलिक लोकर आगीजवळ वितळते आणि पेटते.

आता ‘एका रात्री’बद्दल. कोरलेला खरा भोपळा आठवड्याभरात सडायला लागतो. माझा पहिला विणलेला भोपळा अजून खोक्यात आहे. दर ऑक्टोबरला खोकं उघडतं, जुनी मंडळी बाहेर येतात, त्यांत दोन-तीन नव्यांची भर पडते.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. हॅलोवीनची मुळं आयर्लंडच्या साविन या सणात आहेत. उन्हाळा संपून अंधारे महिने सुरू व्हायचे, त्या वेळचा तो सण. त्याच आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा कितीतरी घरांना बायकांनी विणलेल्या क्रोशाच्या लेसने तगवलं. फुलं, पानं सुटी विणायची आणि मग जाळीने एकमेकांना जोडायची, ही त्या लेसची रीत. माझं वटवाघळांचं तोरण मी तसंच जोडते.

भोपळा कोरण्याची प्रथा अमेरिकेत रुजली. त्याआधी आयरिश लोक सलगम हा कंद कोरून त्याचे कंदील करायचे. डोनेगल परगण्यातल्या फिनटाउन गावच्या अशाच एका कंदिलाचा प्लास्टरमध्ये ओतलेली प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुरकुतलेला चेहरा, खोल डोळे, विचकलेले दात. भोपळ्याच्या हसऱ्या तोंडापेक्षा कितीतरी भीतिदायक.

यंदा मी तोच विणायला घेतलाय. बुडाला पांढरा, वर जांभळट. डोळे झाले, दातांची खालची ओळ झाली. वरची बाकी आहे.