इंजिन ड्रायव्हरचे कान

गेल्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक काका माझ्याकडे आले. जूनमध्ये मीच बसवून दिलेली दोन श्रवणयंत्रे त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. ती टेबलावर ठेवत ते म्हणाले, "बाय, मशीन चांगला आसा, पण ता माझ्या इंजिनाचो आवाज गिळता." यंत्राबद्दलच्या तक्रारी मला नव्या नाहीत. शिट्टी वाजते, कान खाजतो, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, हे रोजचेच आहे. ही तक्रार मात्र बारा वर्षांत मी पहिल्यांदाच ऐकली आणि ते गेल्यावर त्यांच्या जूनमधल्या नोंदी पुन्हा काढून वाचत बसले.

माझे श्रवणतपासणी केंद्र मालवणात आहे. काका इथल्याच एका ट्रॉलरवर ३४ वर्षे इंजिन ड्रायव्हर आहेत. इंजिन सुरू झाले की त्या खालच्या खोलीत कानाशी तोंड नेऊन ओरडले तरच शब्द कळतो, आणि अशा खोलीत त्यांचे निम्मे आयुष्य गेले आहे. जूनमध्ये काकी त्यांना जवळजवळ ओढूनच घेऊन आल्या होत्या. काकांचे म्हणणे एकाच वाक्याचे होते, "ऐकाक येता, पण समजणा नाय." दर्यावर इंजिनाजवळ काम केलेला प्रत्येक माणूस मला हेच वाक्य सांगतो, आणि पुढे तपासणीचा आलेख कसा येणार हे मला तिथेच अर्धे कळते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून मच्छीमारांचे कान तपासायला जूनइतका चांगला महिना नाही. मोठ्या आवाजातून नुकत्याच बाहेर आलेल्या कानाची श्रवणशक्ती तात्पुरती खाली गेलेली असते. तपासणीपूर्वी निदान १६ तास तरी कान शांत असावे लागतात, आणि बंदीच्या काळात त्यांना आठवडेच्या आठवडे शांतता मिळालेली असते. अडचण फक्त पावसाची. माझी तपासणीची खोली ध्वनिरोधक आहे, पण वर पत्रा आहे, आणि कोकणातली मोठी सर पत्र्यावर कोसळू लागली की तिचा खर्जातला घोष आत झिरपतोच. २५० हर्ट्झचा, म्हणजे खर्जातला, हलका सूर अशा वेळी धडधाकट कानालाही सापडत नाही. त्या दिवशी मी दोनदा तपासणी थांबवली आणि आम्ही तिघे सर ओसरण्याची वाट पाहत चहा घेत बसलो. खोटा आकडा लिहिण्यापेक्षा अर्धा तास गेलेला मला चालतो.

ऑडिओमेट्री म्हणजे हेडफोन लावून बटण दाबणे, एवढेच बाहेरच्या माणसाला दिसते. हर्ट्झ म्हणजे सूर किती उंच आणि डेसिबल म्हणजे तो किती मोठा. प्रत्यक्षात १००० हर्ट्झपासून सुरुवात करून, ऐकू आले की आवाज १० डेसिबलने उतरवायचा, हरवला की ५ डेसिबलने चढवायचा, आणि चढत्या क्रमाने तीनपैकी किमान दोन वेळा जिथे बटण दाबले जाते तो आकडा पक्का धरायचा, असे प्रत्येक स्वरासाठी प्रत्येक कानात करावे लागते. काकांच्या कानात रात्रंदिवस रातकिडे ओरडत असतात. त्यामुळे ४००० हर्ट्झला ते माझा सूर कोणता आणि स्वतःच्या कानातला कोणता यात अडकले आणि मी काही वाजवत नसतानाही बटण दाबू लागले. अशा वेळी सलग सूर सोडून तुटक तुटक सूर द्यायचा असतो, कारण कानातला रातकिडा थांबत नाही आणि तुटक सूर थांबतो. तो फरक कळताच काकांचा चेहरा एकदम शांत झाला आणि पुढची उत्तरे एकसारखी आली.

उजवा कान ५०० ला ३०, १००० ला ४०, २००० ला ५५ आणि ४००० ला ७५ डेसिबल; आकडा जितका मोठा, तितके ऐकू कमी. ८००० ला पुन्हा थोडा वर, ६५. डावा कान जवळपास तसाच. ४००० ला खळगा पडून पुढे किंचित सावरणारी ही रेघ मोठ्या आवाजाने मार खाल्लेल्या कानाची असते. कानामागच्या हाडावरून दिलेल्या आवाजाचे आकडेही तेच आले, म्हणजे दोष आतल्या कानात होता आणि औषधाने किंवा शस्त्रक्रियेने तो भरून येणार नव्हता. शब्दांच्या चाचणीत, पूर्ण शांततेत, २५ पैकी १६ शब्द बरोबर आले. 'सात' म्हटले की ते 'हात' म्हणत, 'काप'चे 'ताप' होत असे. मुळाक्षरांतले स्वर खर्जाच्या बाजूला असतात आणि ते त्यांना ऐकू येत होते. स, त, क यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात आणि नेमकी तीच गळत होती.

मुलाने मुंबईहून फोन करून अपंगत्वाच्या दाखल्याची चौकशी केली. २०१६ च्या कायद्यानुसार बोलण्याच्या स्वरांत दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलचा दोष लागतो. काकांची ५००, १०००, २००० आणि ४००० ची सरासरी जेमतेम ५० भरत होती. समोरच्याचे बोलणे न कळल्यामुळे घरातल्या कार्यातही मागे जाऊन बसणाऱ्या माणसाला 'सरासरीत बसत नाही' असे सांगावे लागते तेव्हा मला आपल्या मोजमापाचा राग येतो. खालच्या स्वरांचे बरे आकडे त्या सरासरीत मिसळतात आणि काकांचे खरे नुकसान कागदावर उमटतच नाही.

यंत्र निवडताना मी बराच वेळ घेतला. त्यांच्या कपाटात आधीच एक यंत्र होते. दोन वर्षांपूर्वी देवळाच्या सभागृहात भरलेल्या एका शिबिरात, कान न तपासता, रांगेतल्या सगळ्यांना सारखेच लावून विकलेले. अशा शिबिरांनी आमच्या कामाचे जे नुकसान केले आहे ते भरून काढायला वर्षे लागतील, कारण 'मशीनचा उपयोग नाही' ही समजूत घेऊन माणूस घरी जातो आणि पुन्हा येतच नाही. मुलाला बारीक तारेने स्पीकर कानाच्या आत सरकणारे, बाहेरून जवळजवळ न दिसणारे, चार्जिंगचे यंत्र हवे होते. खालचे स्वर चांगले असलेल्या कानाला, नैसर्गिक आवाज आत येऊ देणारी सैल टोपी असलेले यंत्र तत्त्वतः योग्यही असते. पण ७५ डेसिबलच्या दोषाला लागणारी वाढ सैल टोपीतून दिली की शिट्टी वाजते, आणि तारेच्या टोकाला असलेला तो इवलासा स्पीकर आमच्या दमट, खाऱ्या हवेत आणि घामात फार दिवस टिकत नाही. शिवाय काकांची बोटे! नखांत ग्रीस मुरलेले, अंगठ्याला भेगा पडलेल्या. चार्जिंगऐवजी छोट्या बॅटरीचे यंत्र घ्यावे, तर तिचे झाकण त्यांना उघडता येईना.

म्हणून मी कानामागचे, १३ नंबरच्या बॅटरीचे यंत्र आणि कानाच्या मापाचा साचा ठरवला. कान वर आणि मागे ओढून, दोरा बांधलेला कापसाचा बोळा पडद्याच्या अलीकडे सरकवून, मी दोन्ही कानांत सिलिकॉन भरले. पाच मिनिटांनी ठसा निघाला तो इतका स्वच्छ होता की काका तो हातात फिरवून म्हणाले, "गास्केट चांगला पडला." साच्याला मी हवेसाठी २ मिलिमीटरचे छिद्र ठेवले. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला सांगितले. पहिल्या आठवड्यात त्यांनी सहाही बॅटऱ्यांचे नारिंगी स्टिकर एकदमच काढून ठेवले. ते काढताच आत हवा जाऊन बॅटरी सुरू होते, म्हणून सगळ्या पडल्यापडल्याच उतरू लागल्या. तेवढी एक गोष्ट सोडली तर जून-जुलै उत्तम गेले. काकींना ओरडावे लागेना, नातीचे बोलणे कळू लागले, टीव्हीचा आवाज खाली आला. मी फाइलवर 'समाधानकारक' असे लिहून टाकले.

मग ऑगस्ट उजाडला आणि ट्रॉलर बाहेर पडला. तिसऱ्याच फेरीत बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात दोरी अडकली, इंजिन जड झाले, आणि ते काकांच्या आधी वरच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, कळले. अनर्थ काही झाला नाही, पण ३४ वर्षांत असे कधी घडले नव्हते. "इंजिनाक काय झाला ता माका कानानच कळता," ते म्हणाले. एखादा सिलिंडर मिस मारतो तेव्हा तालातला एक ठोका गळतो, बेअरिंग जाऊ लागले की खोल धक्के येतात, पंखा अडकला की आवाज बसतो. हे सगळे खालच्या स्वरांत घडते, आणि काकांच्या कानाचा तेवढाच भाग शाबूत होता. मी नेमक्या त्याच वाटेवर साचा बसवला होता. यंत्रातल्या नॉइज रिडक्शनची रचनाच अशी असते की बोलण्यासारखा वर-खाली होणारा आवाज ठेवायचा आणि एकसुरी, सलग आवाज गोंगाट समजून दाबायचा. इंजिनाची घरघर त्याच्या दृष्टीने शुद्ध गोंगाट. काकांच्या दृष्टीने त्या खोलीत ऐकण्यासारखे दुसरे काही नव्हतेच.

जूनमध्ये मी त्यांना त्यांचा व्यवसाय विचारला होता आणि 'आवाजाशी संपर्क: ३४ वर्षे' अशी नोंद केली होती. त्या आवाजाचे ते काय करतात, हे मी विचारले नव्हते. इंजिनाला मी फक्त त्यांच्या कानाचा शत्रू समजत होते. बोटीवर यंत्र काढून ठेवा, हेही मी तेव्हा बजावून सांगायला हवे होते. ते इंजिनाच्या खोलीत यंत्र घालून जातील हे माझ्या डोक्यातही आले नाही.

त्यांची मागणी सोपी होती: इंजिनासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दे. तो मला करता आला असता. पण त्या खोलीतला आवाज आणखी वाढवून उरलेल्या कानात सोडणे मला शक्य नव्हते, आणि तसे मी त्यांना सांगितले. बोटीवर यंत्र काढा आणि कानावर इअरमफ लावा, असे म्हटल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले की ते मफही इंजिन गिळणारच. त्यांचे बरोबर होते. साधे मफ आणि फोमचे बोळे वरचे स्वर जास्त दाबतात आणि खालचे कमी, त्यामुळे आवाजाचा तोलच बदलतो. वादकांसाठी साच्यात बसवायचे खास फिल्टर मिळतात. ते सगळे स्वर जवळजवळ सारखेच, साधारण १५ किंवा २५ डेसिबलने उतरवतात. मी नवीन ठसे घेतले, साचे पाठवले आणि २५ चे फिल्टर मागवले. इंजिनाच्या आवाजापुढे १५ फारच थोडे झाले असते.

ऑक्टोबरपासून काका ते वापरत आहेत, पण फक्त डाव्या कानात. उजवा कान ते इंजिनासाठी मोकळा ठेवतात. दोन्ही कानांत घातल्यावर सुकाणूवरून मारलेली हाक ऐकू येत नाही, असे त्यांचे कारण आहे, आणि इंजिनाच्या खोलीत मी कधी उभी राहिलेली नसल्यामुळे मला ते खोडून काढता आलेले नाही. श्रवणयंत्रे आता बोटीवर जात नाहीत. घरी डबीत असतात आणि बंदरावरून परतल्यावर काकी ती त्यांच्या हातात देतात. पुढच्या जूनमध्ये ट्रॉलर किनाऱ्याला लागला की दोन्ही कानांची तपासणी पुन्हा करायची ठरली आहे. ४००० हर्ट्झला उजवा आणि डावा यांच्यात किती फरक पडला आहे, हे मी सर्वांत आधी पाहणार आहे.