टांगानिका: अन्न खाली, मासे वर

टांझानियात टांगानिका सरोवराकाठच्या किगोमाला गेलात तर किबिरिझीच्या किनाऱ्यावर सकाळीच पोचा. रात्रभर पाण्यात असलेल्या होड्या तेव्हा परततात आणि मासळी उतरवायची एकच धांदल उडते. मासळी म्हणजे मुख्यतः डागा. बोटभर लांबीचे हे मासे मी हातात घेऊन पाहिले: कुशीवर चंदेरी पट्टा, पाठ जवळजवळ आरपार दिसेल अशी. बायका ते वाळूवर पसरतात, वाकून वाकून परततात, आणि ऊन कडक असलं की ते लवकर खडखडीत वाळतात.

डागा पकडतात अंधाऱ्या रात्री. होडीवर दिवे लावले की उजेडाकडे सूक्ष्म जीव येतात, त्यांच्या मागे डागा, आणि मग खालून जाळं वर ओढायचं. पौर्णिमेच्या आसपास हा धंदा थंडावतो.

टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया यांच्यामध्ये पसरलेलं हे सरोवर साधारण ६७० किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत खोल जागी १,४७० मीटर. पाणी इतकं नितळ, की होडीतून वाकलं तरी खडकावरचं शेवाळ खरवडणारे सिक्लिड मासे स्पष्ट दिसतात. मी हरखून बघत राहिले. पण या नितळपणाचा अर्थ असा, की वरच्या पाण्यात अन्न फार थोडं आहे.

अन्न आहे ते खाली. मेलेलं सगळं तळाकडे जातं, कुजतं आणि त्यातली पोषकद्रव्यं खोल, प्राणवायू नसलेल्या थरात साठून राहतात. ती वर आणायचं काम वाऱ्याचं. मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा वरचं पाणी उत्तरेकडे लोटतो आणि दक्षिण टोकाला खालचं पाणी वर येतं. मग शैवाल वाढतं, त्यावर सूक्ष्म जीव, त्यांवर डागा, आणि डागावर मिगेबुका हा मोठा मासा.

हवामान तापलं तसं वरचं पाणी जास्त गरम, म्हणून जास्त हलकं झालं. दुधावर साय धरावी तसं ते वर पसरून राहतं. वरच्या आणि खालच्या पाण्यात फरक असतो जेमतेम दोन-तीन अंशांचा. पण पाणी मुळात कोमट असलं की एकेका अंशाने घनता जास्त बदलते, आणि तेवढ्या वाऱ्याला ते ढवळता येत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरोवरातली शैवालाची वाढ सुमारे २० टक्क्यांनी घटली असावी, असा अंदाज होता. २०१६च्या अभ्यासाने तळाचा गाळ तपासला. प्राणवायू पोचणारा तळ १९४६पासून ३८ टक्क्यांनी आक्रसला होता. गोगलगायी-शिंपल्यांची राहायची जागाच गेली. माशांचे अवशेष तर मोठी मासेमारी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून कमी होत आले होते.

किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं, तर त्याने आधी वाढलेल्या होड्या आणि बारीक विणीची जाळी यांना दोष दिला. तेही खरंच आहे. २०२४ साली टांझानियाने मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत अशी तीन महिने इथली मासेमारी बंद ठेवली. मला तो निर्णय पटतो, जरी रोजच्या कमाईवर जगणाऱ्या घरांना ते महिने फार जड गेले असणार. माशांना वाढायला अवधी मिळतो. मात्र हेच महिने वाऱ्याचेही आहेत, आणि बंदी कितीही कडक पाळली तरी वरचं पाणी त्याने गार होत नाही.