कर्ज शहराचं, जप्ती मताची

मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उपनगरात राहते हे कळलं की पुण्याकडची मंडळी आणि इथली आपली मंडळीसुद्धा एक प्रश्न हमखास विचारतात. शहर कर्जात बुडालं, नगरसेवकांना कारभार झेपला नाही, म्हणून राज्याने एक जाणता माणूस नेमला. त्यात चुकलं काय? आणि त्यात काळ्या-गोऱ्यांचा विषय आला कुठून? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

कर्ज खरंच होतं. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइटने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा देणी सुमारे १८ अब्ज डॉलरची होती. एक माजी महापौर भ्रष्टाचारापायी तुरुंगात गेला, तेही मी झाकणार नाही. पण १९५० साली साडेअठरा लाख वस्ती असलेल्या या शहरात २०१० मध्ये सात लाखांच्या आसपास माणसं उरली होती. कारखाने गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, त्यांच्याबरोबर कराचा पैसा गेला. मागे राहिले ते बहुतांश कृष्णवर्णीय. साडेअठरा लाखांच्या हिशेबाने टाकलेले पाइप आणि निवृत्तांची पेन्शन त्यांच्या गळ्यात पडली. वर राज्याने शहरांना द्यायचा महसुलाचा वाटाही कमी करत आणला.

मिशिगनच्या २०११ च्या कायद्याने, राज्याने नेमलेल्या ‘इमर्जन्सी मॅनेजर’च्या हाती महापौर आणि नगर परिषद या दोघांचेही अधिकार दिले. बेंटन हार्बर या छोट्या, बहुसंख्य कृष्णवर्णीय शहरात तिथल्या मॅनेजरने एप्रिल २०११ मध्ये आदेशच काढला: निवडून आलेल्या सदस्यांनी सभा सुरू करावी, मागचं इतिवृत्त मंजूर करावं आणि सभा संपवावी. बाकी काही करायचं तर त्याची परवानगी हवी.

लोकांनी सह्या गोळा करून हा कायदा सार्वमताला नेला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तो मतांनी पाडला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने थोडे फेरफार करून तसाच कायदा पुन्हा मंजूर केला. या वेळी त्याला खर्चाची तरतूद जोडली, कारण अशी तरतूद असलेला कायदा मिशिगनमध्ये सार्वमताने रद्द करता येत नाही. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

आता वर्णाचं. कायद्यात कुठल्याही वंशाचं नाव नाही. तरी २०१३ मध्ये राज्यातले जवळपास निम्मे कृष्णवर्णीय नागरिक नेमलेल्या माणसाच्या कारभाराखाली होते. गोऱ्यांपैकी शंभरात दोन-तीन. डेट्रॉइटने पहिला कृष्णवर्णीय महापौर निवडला १९७३ मध्ये. चाळीस वर्षांत त्या मताचं मोल काढून घेतलं गेलं. आपली मराठी कुटुंबं ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांत राहतात. तिथे असा मॅनेजर कधी आलाच नाही, म्हणून आपल्याला हा प्रश्न निव्वळ हिशेबाचा वाटतो.

मिशिगनमधल्याच फ्लिंट शहरात काय झालं ते पाहा. तिथे २०११ च्या अखेरीपासून मॅनेजर होते. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराने डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात टाकायचं रसायन टाकलंच नाही. त्यात राज्याच्या पर्यावरण खात्याचाही मोठा दोष. नळाला तांबूस, वासाचं पाणी येऊ लागलं. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने सुट्या भागांना गंज चढतो म्हणून हे पाणी बंद करून दुसरीकडून घेतलं. माणसं मात्र तेच पाणी पीत राहिली. मार्च २०१५ मध्ये नगर परिषदेने सात विरुद्ध एक मताने ठराव केला: डेट्रॉइटचं पाणी परत घ्या. मॅनेजरने तो खर्चाचं कारण देऊन धुडकावला. पाणी बदललं ऑक्टोबरमध्ये, डॉ. मोना हाना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तात शिसं वाढल्याचं दाखवून दिल्यावर.

ते सात सदस्य फार मोठे तज्ज्ञ होते असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या घरी तेच पाणी येत होतं, आणि मतं मागायला त्यांना त्याच दारांत जायचं होतं. मॅनेजरला फक्त राज्याला जाब द्यायचा होता.

पुण्याचे लोक म्हणतात, आमच्याकडेही २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासकच होता. होता, पण तिथे निवडणुका रखडल्या म्हणून नगरसेवकच नव्हते. इथे निवडणुका वेळेवर झाल्या, लोकांनी माणसं निवडून दिली, आणि त्यांना रिकाम्या हातांनी खुर्चीत बसवलं.

हे कोर्टात टिकलं. २०१६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की स्थानिक पदाधिकारी निवडण्याचा मूलभूत हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला.

राज्याने कर्जबाजारी शहराच्या खर्चावर लक्ष ठेवावं, उचल अडवावी, हिशेब रोज मागावा; याला माझी हरकत नाही. पण पिण्याच्या पाण्यासारख्या गोष्टीत निवडून आलेल्या परिषदेने नाही म्हटलं, तर ते मॅनेजरवर बंधनकारक असायला हवं. ट्रॉय-नोव्हायमधल्या आपल्या मतदारांनी आपल्या आमदाराकडे एवढा बदल तरी मागावा.